एमआरआय नॉर्मल, तरी रोज डोकं जड आणि चक्कर. पुढं काय करावं?

राजारामपुरी_७
मिसेसना (वय ३८) सव्वा वर्षापासून त्रास आहे. महिन्यातले वीसेक दिवस कपाळ आणि मान जड. त्यातले चार-पाच दिवस उजवी बाजू ठणकते, तेव्हा उजेड आणि मिक्सरचा आवाज सोसत नाही. चक्कर कधी अर्धा-एक तास टिकते, महाद्वार रोडच्या गर्दीत जास्त. एमआरआय, चष्म्याचा नंबर, बीपी, कान सगळं नॉर्मल. सिनारिझिन (चक्करेची गोळी) रोज चालू आहे, डोकं दुखलं की मेडिकलमधली गोळी. एमआरआय परत करावा, की पुण्या-मुंबईला न्यावं?

पंचगंगा_काठ
दादा, लक्षणं बदलली नसतील तर एमआरआय परत नको. त्यात गाठ, रक्तस्राव, सूज दिसते. अर्धशिशी त्यात दिसत नाही आणि गोळ्यांनी लागलेली डोकेदुखीही दिसत नाही.

आधी गोळ्यांचा हिशेब करा. कॅलेंडर घ्या आणि मागच्या तीन महिन्यांत वेदनेची गोळी घेतलेल्या दिवसांवर खूण करा. नुसती पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीन, अर्गोटामिन (अर्धशिशीचं जुनं औषध) मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. पाकिटामागचे घटक वाचा; साध्या वाटणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत कॅफीन असतं.

सिनारिझिनबद्दल डॉक्टरांना थेट विचारा: कशासाठी आणि किती महिने? अर्धशिशी टाळण्यासाठी ती ठरावीक मुदतीसाठी देतात. पण नुसत्या चक्करेसाठी महिनोन्‌महिने घेतली तर मेंदू तोल सावरायला शिकत नाही, झोप आणि वजन वाढतं, उतारवयात तर हात कापणं, हालचाल मंदावणं असा त्रास होतो.

रंकाळा_पूर्व
'चक्कर' हा एकच शब्द घेऊन दवाखान्यात जाऊ नका. खोली गरगर फिरते, डोळ्यांपुढं अंधारी येते की पाय डगमगतात, ते वहिनींनी त्यांच्या शब्दांत लिहून न्यावं. किती वेळ टिकते आणि काय केल्यावर येते, हेही.

कूस बदलताना गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, ते बहुतेक कानातल्या कणांमुळं. त्याची परीक्षा खाटेवर होते: मान ४५ अंश वळवून झटकन आडवं करतात आणि बुबुळांची थरथर पाहतात. निदान झालं तर एपली पद्धतीनं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून कण जागेवर आणतात. पुष्कळदा एक-दोन वेळांत काम होतं. मात्र कुठला कान बिघडलाय हे कळल्याशिवाय व्हिडिओ बघून करू नका.

उठल्यावर अंधारी येत असेल तर बीपी बसून मोजून कळत नाही. पाच मिनिटं आडवं राहून एकदा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या वर्णनात मात्र अर्धा-एक तास टिकणारी चक्कर, एका बाजूचा ठणका आणि उजेड-आवाज न सोसणं एकत्र आलंय. व्हेस्टिब्युलर मायग्रेनची (चक्कर आणणाऱ्या अर्धशिशीची) शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. त्यात चक्कर ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकते, आणि डोकं दुखत नसतानाही येऊ शकते.

आणखी एक राहून जातं. नंबर काढणं वेगळं, थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदा बघणं वेगळं. आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर दुखणं वाढणं, कानात नाडीसारखा घुमघुम आवाज, क्षणभर दिसेनासं होणं, त्यात अलीकडं वजन वाढलेलं असेल तर पडदा बघून घ्याच. डोक्यातला दाब वाढूनही एमआरआय नॉर्मल म्हणून येऊ शकतो आणि दुर्लक्ष केलं तर नजर जाऊ शकते. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, वहिनींना गाडी चालवू देऊ नका.

राजारामपुरी_७
कॅलेंडर मांडलं. मागच्या महिन्यात १९ दिवस, त्याआधी १७ आणि १८. पाकिटावर पॅरासिटामॉलसोबत कॅफीन आहे.

पंचगंगा_काठ
मग पुढची भेट याच कागदावर घ्या. लगेच पुणे-मुंबई नको. इथल्या न्यूरॉलॉजिस्टकडं किंवा सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) मेडिसिन ओपीडीत दाखवा.

ही गोळी एकदम थांबवता येते (झोपेची किंवा ट्रॅमाडॉलसारखी असती तर हळूहळू उतरवावी लागली असती). पहिले २ ते १० दिवस डोकं जास्त दुखेल, मळमळेल. बरेच जण इथंच परत पाकीट फोडतात, म्हणून घरात कामाचा ताण कमी असेल तो आठवडा निवडा आणि त्या दिवसांत काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सोबत प्रतिबंधक औषध लागतं: प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर नाही), ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून, किंवा टोपिरामेट (गरोदरपणाचा विचार असेल तर चालत नाही). पुरेशा डोसवर किमान दोन महिने गेल्याशिवाय 'लागू पडलं नाही' म्हणू नका. आठवड्यात सोडून दिलेली चांगली औषधं फार असतात.

चहा एकदम तोडू नका, कॅफीन अचानक थांबलं तरी डोकं दुखतं. रोज अर्धा कप कमी करत दोन कपांवर आणा. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा पाळा. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास यंदा नको; अंबाबाईचं दर्शन जेवून घेतलं तरी चालतं.

डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले किंवा तापासोबत मान ताठ झाली, तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

रंकाळा_पूर्व
तोलाचा व्यायामही विचारून घ्या. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवायचं, खुर्चीत बसून त्यावर नजर रोखायची आणि मान 'नाही' म्हणतो तशी हलवायची. मिनिटभर, दिवसातून तीनदा. अक्षर धूसर झालं तर वेग कमी करा. थोडं गरगरणं अपेक्षित आहे, पण ते १५-२० मिनिटांत ओसरलं पाहिजे. ठणका असेल त्या दिवशी करू नका.