एकच ६४ अँटेनांचं पॅनल, की चार कोपऱ्यांत १६-१६?

तरंगलांबी
आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) ५जीसाठी घातलेली अट सगळ्यांना ठाऊक आहे: ३२ बाइटचं पॅकेट १ मिलिसेकंदात पोचलं पाहिजे आणि लाखात एकापेक्षा जास्त हुकता कामा नये. कारखान्यातले रोबॉट आणि चालकाविना फिरणाऱ्या गाड्या यांच्यासाठी ३.५ गिगाहर्ट्झवर हे जमवायचं असेल, तर छताला ६४ अँटेनांचं एकच पॅनल लावा. माझ्या मते तेवढं पुरतं.

हिशेब बघा. रेले फेडिंगमध्ये (परावर्तनांमुळे सिग्नल क्षणोक्षणी चढतो-पडतो तेव्हा) लाखात एक ही पातळी गाठायला एकट्या अँटेनाला ५० डेसिबल राखीव ठेवावे लागतात. चार अँटेनांना १५. एकमेकींपासून स्वतंत्र ६४ अँटेनांना जेमतेम २.६, आणि १८ डेसिबलचा अ‍ॅरे गेन (अँटेना मिळून वाढणारी सिग्नलची ताकद) वेगळाच. चॅनल (अँटेना आणि उपकरण यांच्यातला रेडिओ-मार्ग) इतका स्थिर झाला की पॅकेट पुन्हा पाठवायची पाळी येत नाही, एका फटक्यात काम होतं. सबकॅरिअरमधलं (सिग्नल ज्या बारीक फ्रिक्वेन्सींवर वाटतात त्यांच्यातलं) अंतर ३० किलोहर्ट्झ धरलं तर दोन सिम्बॉलचा (सिम्बॉल म्हणजे प्रक्षेपणातला वेळेचा छोटा तुकडा) मिनी-स्लॉट सुमारे ७१ मायक्रोसेकंदांचा. उरलेला सगळा वेळ रांगेला आणि प्रोसेसिंगला. पॅनलचा आकारही ८×८ मांडणीत बाजूला फक्त ३४ सेंटिमीटर.

पायलट_सिम्बॉल
आकडे बरोबर आहेत, गृहीतक नाही. ३४ सेंटिमीटरमध्ये बसवलेल्या ६४ अँटेना जवळजवळ एकाच जागेवरून बघतात. मध्ये क्रेन किंवा धातूचा रॅक आला की सगळ्या एकदमच झाकल्या जातात. फेडिंग अँटेना वाढवून सरासरीत विरतं, सावली विरत नाही. लाखातलं ते एक पॅकेट बहुतेक वेळा सावलीतच जातं.

शिवाय तुमचे १८ डेसिबल पायलटला (चॅनल मोजायला पाठवलेल्या ओळखीच्या सिग्नलला) मिळतच नाहीत. बीम बनतो चॅनल कळल्यावर. त्याआधी प्रत्येक अँटेनाला आपापल्या एसएनआरवरच (सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर) चॅनल ओळखावा लागतो. पायलटचा एकूण एसएनआर ० डेसिबल असेल तर अ‍ॅरे गेनमधले ३ डेसिबल तिथेच गेले.

कंट्रोल चॅनलही विसरू नका. डेटा दहा लाखांत एकदा चुकतो आणि कंट्रोल चॅनलवरची ग्रँट (पाठवायची परवानगी) दहा हजारांत एकदा, तर एकूण हिशेब दहा हजारांत एकचाच.

तरंगलांबी
कंट्रोलचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय आहे. अपलिंकला (उपकरणाकडून पॅनलकडे) कॉन्फिगर्ड ग्रँट द्या, म्हणजे दर वेळी परवानगी मागणं नाही. पायलटचं म्हणाल, तर गाडी सेकंदाला २ मीटर चालते आणि अर्धी तरंगलांबी आहे ४.३ सेंटिमीटर. तेवढं सरकायला २१ मिलिसेकंद लागतात. दर ५ मिलिसेकंदांनी एसआरएस (उपकरणाने पाठवलेला पायलट) घेतला तर भरपूर झालं.

पायलट_सिम्बॉल
इथेच गल्लत होते आहे. ५ मिलिसेकंदांत गाडी १ सेंटिमीटर पुढे जाते. चहूबाजूंनी परावर्तन आहे असं धरलं, तर जुन्या आणि नव्या चॅनलचा सहसंबंध ०.८७ वर येतो. स्वतःच्या सिग्नलचं नुकसान १.२ डेसिबल, ते सोसवेल. पण झिरो-फोर्सिंगने (इतरांच्या दिशेने सिग्नल शून्य करणाऱ्या बीमच्या पद्धतीने) शेजारच्या उपकरणाकडे जो नल (सिग्नल नसलेली दिशा) टाकलेला असतो त्याची खोली उरते जेमतेम ६ डेसिबल. एकाच वेळी आठ-दहा उपकरणं चालवायची असतील तर तिथेच सगळं फसतं.

पायलट दर १ मिलिसेकंदाला घेतला तर नल २० डेसिबलच्या आसपास जातो. खर्च फार नाही: २८ सिम्बॉलमधला एक, आणि कॉम्ब-४ मध्ये (दर चौथा सबकॅरिअर वापरला की) १२ सायक्लिक शिफ्टपर्यंत (एकाच पायलटच्या वेगळ्या ओळखता येणाऱ्या आवृत्त्या) सोय आहे, त्यामुळे बरीच उपकरणं एकाच सिम्बॉलवर मावतात. अडचण आहे टीडीडीची (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं). डीडीडीएसयू (तीन स्लॉट डाउनलिंक, एक मिश्र, एक अपलिंक) हा नेहमीचा नमुना २.५ मिलिसेकंदांचा. दर १ मिलिसेकंदाला पायलट पाठवायला त्यात अपलिंक सिम्बॉलच नसतो, आणि पॅकेटही अपलिंकची वाट बघत तेवढंच अडकतं. अँटेना ६४ असोत नाहीतर ६४०, ही वाट कमी होत नाही. १ मिलिसेकंदाचा नमुना लावता येतो, पण शेजारच्या नेटवर्कचा नमुना वेगळा असला की त्याचं डाउनलिंक तुमच्या अपलिंकवर येऊन आदळतं.

कोपरा_१६
+१. म्हणून ६४ अँटेना चार कोपऱ्यांत १६-१६ वाटा. १६ अँटेनांना फेडिंगसाठी राखीव लागतात सुमारे ६ डेसिबल, म्हणजे २.६ पेक्षा साडेतीनच्या आत जास्त. एकाच कोपऱ्यातून दिसणाऱ्या गाडीला अ‍ॅरे गेनही ६ डेसिबलने कमी मिळेल. कारखान्याच्या अंतरांवर तेवढं परवडतं, आणि चार दिशांनी एकाच वेळी सावली पडणं फार दुर्मीळ.

तरंगलांबी
चार कोपऱ्यांतल्या अँटेना फेजमध्ये (लहरी एकमेकींशी जुळवून) कशा ठेवणार? ३.५ गिगाहर्ट्झवर ३० अंश म्हणजे २४ पिकोसेकंद. पीटीपीने (घड्याळं जुळवायची पद्धत) नेटवर्कवरून दहा-वीस नॅनोसेकंदांची अचूकता मिळते. एका पॅनलमध्ये सगळ्या साखळ्यांना एकच ऑसिलेटर असतो, कॅलिब्रेशन टिकतं. तुमच्या मांडणीत तापमान बदललं की ते सरकणार.

कोपरा_१६
फेज जुळवायचीच कशाला? ५जी मानकाच्या रिलीज १६ पासून एकच पॅकेट दोन ठिकाणांहून पुन्हा पाठवायची सोय आहे. त्याला वेळ सायक्लिक प्रीफिक्सच्या (सिम्बॉलच्या सुरुवातीला राखलेल्या वेळेच्या) आत जुळली की पुरे, आणि ३० किलोहर्ट्झवर तो २.३ मायक्रोसेकंदांचा असतो. पीटीपी तिथे आरामात बसतं. कोहेरंट (फेज जुळवलेल्या) जोडणीचे डेसिबल सोडून द्या. इथे क्षमता वाढवायची नाही, एक पॅकेट हुकू द्यायचं नाही.

तरंगलांबी
दोन ठिकाणांहून पाठवायचं म्हणजे रेडिओची साधनं दुप्पट खर्ची पडणार. वीस-तीस उपकरणांपर्यंत चालेल. शंभरच्या वर गेलात की रांग लागेल आणि १ मिलिसेकंद तिथेच संपेल. दाट जागी एकच पॅनल आणि चांगला झिरो-फोर्सिंग, हे माझं मत कायम आहे. सावलीचा मुद्दा मात्र मान्य. निदान समोरासमोर दोन पॅनल हवीत.

पायलट_सिम्बॉल
मग चाचणीही त्याच हिशेबाने घ्या. दर मिलिसेकंदाला एक पॅकेट सोडलं तर दहा लाख पॅकेटं १७ मिनिटांत होतात, आणि १० पेक्षा कमी चुकली म्हणून लोक ‘पास’ लिहून मोकळे होतात. त्या १७ मिनिटांत क्रेन हललीच नसेल तर तो आकडा निरुपयोगी. क्रेन, फोर्कलिफ्ट, दारं सगळं चालू असताना पूर्ण पाळीभर मोजा, आणि नुसती चुकलेली पॅकेटं न मोजता सलग किती चुकली तेही नोंदवा. एक-एक करून विखुरलेल्या दहा चुका कंट्रोलर सोसतो. सलग दहा चुकल्या तर बहुतेक ठिकाणी वॉचडॉग (सुरक्षेचा टायमर) गाडी थांबवतो.