अगाथा ख्रिस्तींनंतर काय वाचावे? रहस्यकथांसाठी सल्ला हवा आहे

प्रश्न : वाचक, रंकाळा परिसर

नमस्कार. अलीकडे मी अगाथा ख्रिस्तींच्या बऱ्याच कादंबऱ्या लागोपाठ वाचून काढल्या आणि आता पुढे काय घ्यावे हे सुचेनासे झाले आहे. माझ्याबरोबर बाबाही वाचतात, पण ते फक्त मराठी वाचतात. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचत त्यांची पिढी मोठी झाली, त्यामुळे कथेला वेग नसेल तर ते पुस्तक मिटून ठेवतात. मला मात्र संशयितांची यादी मनात धरून सावकाश विचार करायला आवडते. एकच पुस्तक दोघांनी वाचावे आणि रात्री जेवताना त्यावर वाद घालावा, ही आमची खरी हौस आहे. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की बाबांचे नदीकडचे फिरणे बंद होते, म्हणून पावसाळ्याची बेगमी आधीच करून ठेवायची आहे. हिंसेची रंगवून केलेली वर्णने आम्हा दोघांनाही नकोत. कृपया सुचवावे.

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल, मंगळवार पेठ

ताई, आपल्याला काय हवे आणि काय नको हे आपण स्पष्ट लिहिलेत, त्यामुळे सुचवणे सोपे झाले आहे. ख्रिस्ती आवडणाऱ्या वाचकाला बहुधा सचोटीचे कोडे हवे असते, म्हणजे उलगड्याला लागणारी प्रत्येक खूण वाचकाच्या डोळ्यांखालून आधीच गेलेली असली पाहिजे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांत वाचकाला पूर्वकल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत असाही एक नियम आहे. तो मला आजही पटतो, आणि पुस्तक सुचवताना मी आधी हेच पाहतो की लेखक वाचकाशी प्रामाणिक राहिला आहे की नाही.

या कसोटीवर मी सर्वांत आधी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीचे नाव घेईन. १९३२ पासून आलेल्या या कथा मराठीत मिळतात, आणि वडीलधाऱ्यांना दूरदर्शनवरची मालिकाही आठवत असेल. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो, आणि हा फरक त्याच्या वागण्यात दिसतो, कारण गुन्हेगार सापडल्यावर त्याला कायद्याच्या हवाली करायचे की नाही याचाही तो स्वतंत्रपणे विचार करतो. सुरुवातीच्या एका कथेत कलकत्त्याच्या रहदारीत रस्ता ओलांडणारी माणसे अचानक कोसळतात आणि त्यांच्या काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. बंदुकीचा आवाज कोणी ऐकलेला नसतो आणि मारणारा कोणाला दिसलेला नसतो. या कथेचा वेग आपल्या वडिलांना पुरेल आणि त्यातले कोडे आपल्याला पुरेल. शिवाय कथा आटोपशीर असल्याने एका बैठकीत वाचून त्याच रात्री वाद घालता येतो.

त्यानंतर सत्यजित राय यांचा फेलूदा घ्यावा. अशोक जैन यांनी त्याच्या कथा मराठीत आणल्या आहेत. त्या मुळात किशोरांसाठी लिहिलेल्या असल्याने हिंसेची चिंता नाही, पण म्हणून त्या पोरकट आहेत असे समजू नये. प्राचीन मूर्तींच्या चोरीचा माग काढत फेलूदा वेरूळच्या लेण्यांपर्यंत येतो ती कथा मराठी वाचकाने अवश्य वाचावी, कारण कैलास लेणे आपण पाहिलेले असते.

वडिलांसाठी स्वतंत्रपणे श्रीकांत सिनकर सुचवतो. मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर त्यांनी लिहिले. त्यात चमत्कार नसतो. चिकाटीने केलेली विचारपूस असते आणि ती खिळवून ठेवते.

एक विनंती. वाचनालयातून जुन्या प्रती घेताना पहिली काही पाने डोळे मिटूनच उलटावीत. एका वाचनालयातल्या प्रतीत पात्रांच्या पहिल्या उल्लेखापाशीच कोणीतरी खुन्याच्या नावाखाली शिसपेन्सिलीने दुहेरी रेघ ओढून ठेवली होती, आणि माझ्या हातून एक उत्तम कादंबरी कायमची गेली. असे करणाऱ्या वाचकाला मी आजही क्षमा करू शकलेलो नाही.

प्रतिसाद : वकील, ताराबाई पार्क

ग्रंथपाल काकांशी मी बहुतेक सहमत आहे, पण खुनी शेवटी कळला तरच रहस्यकथा रंगते असे मला वाटत नाही. केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही जपानी कादंबरी मी इंग्रजीतून वाचली. खून कोणी केला हे त्यात आरंभीच आपल्यासमोर घडते. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो लपवण्याची आखणी करतो आणि त्याचाच जुना सहाध्यायी, एक भौतिकशास्त्रज्ञ, त्या आखणीचा छडा लावू पाहतो. आपल्याला सगळे ठाऊक आहे अशा समजुतीत आपण वाचत जातो, आणि नेमके तिथेच लेखकाने आपल्याला गाठलेले असते. ‘जाने जान’ हा हिंदी चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला आहे. तो अजून पाहिला नसेल तर आधी कादंबरीच वाचावी.

दुसरे नाव सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’चे. १९२१ ची मुंबई आहे आणि परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कचेरीत वकिलीचे काम पाहते. एका मृत गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, त्यामुळे पोलिसांना किंवा पुरुष वकिलांना जिथे प्रवेश नाही तिथे परवीन जाऊ शकते. मात्र न्यायालयात उभे राहून बाजू मांडण्याची मुभा तिला नाही, कारण स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा १९२३ मध्ये झाला. तपासाची वाट आणि तिची अडचण दोन्ही त्या काळाच्या कायद्यातून निघतात, हे मला व्यवसायामुळे विशेष भावले. बाबांना न्यायालयातली खडाजंगी आवडत असेल तर सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासच्या कादंबऱ्या द्याव्यात, त्यांना वेगही भरपूर आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाबांना ग्रामोफोनच्या पिनेची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा त्यांनी लगेच ते पुस्तक आणायला सांगितले, म्हणून आरंभ ब्योमकेशपासून करते. एकच शंका आहे. हिगाशिनो बाबांना इंग्रजीतून वाचता येणार नाही. ती मी वाचून त्यांना रोज थोडी सांगितली तर तिची गोडी राहील का?

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल, मंगळवार पेठ

राहील, पण पुस्तक पूर्ण करून मग सांगू नये. शेवट ठाऊक असला की सांगणाऱ्याचा आवाज नको तिथे अडखळतो आणि अर्नाळकर वाचून मुरलेला वाचक ते तत्काळ ओळखतो. आपण जितके वाचाल तितकेच त्या रात्री सांगावे, म्हणजे दोघेही एकाच पानावर अडलेले असाल. ब्योमकेशसाठी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी. १८५० पासूनचे ग्रंथालय आहे, जुने अनुवाद शोधायला मी आधी तिथेच जातो.