प्रतिसाद: न मरणाऱ्या बेडकांचं काय?
पिकांवरच्या औषधफवारणीने बेडूक थेट मरतात, हे मूळ लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटतं. द्राक्षबागांच्या कडेला तसं होतही असेल, पण जे न मरता ताणाखाली जगतात त्यांचं काय? कॉर्टिकोस्टेरोन हे त्यांचं ताणाचं संप्रेरक. थोडा वेळ वाढलं तर कामाचंच; आठवडेच्या आठवडे चढं राहिलं की प्रतिकारशक्ती खचते, आणि बेडकांना जीवघेणा रोग देणारी कायट्रिड बुरशी तर थेट कातडीलाच धरते.

इगतपुरीकडे पावसाने ओढ दिली की भातखाचरं आटतात आणि मागचे पाय नुकते फुटलेले बेडूकमासे चिखलात दाटीने वळवळताना दिसतात. पाणी आटू लागलं की कित्येक जातींत हेच संप्रेरक वाढतं आणि रूपांतर घाईने उरकतं. त्याच काळात रोगाशी लढणाऱ्या जुन्या पांढऱ्या पेशी (लिम्फोसाइट) मोठ्या प्रमाणात मरतात, म्हणजे चिमुकला बेडूक जमिनीवर येतो तोच दुबळा.