जीपीओचा घुमट विजापूरची नक्कल आहे का?

कुर्ला_लोकल:
आईच्या एनएससीच्या (पोस्टाच्या बचत प्रमाणपत्राच्या) कामासाठी मुंबईत सीएसएमटीजवळच्या जीपीओत (मुख्य टपाल कार्यालयात) गेलो होतो. रांगेत मान वर करून घुमटच बघत राहिलो. मागचे गृहस्थ म्हणाले, विजापूरच्या गोल घुमटाची नक्कल आहे ही. खरंय का? आणि शेजारी व्हीटी (सीएसएमटीचं जुनं नाव) एवढी चर्चसारखी, मग पोस्टालाच घुमट का?

निवृत्त_टपाली:
नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. याच हॉलमध्ये नोकरी काढली, तेव्हा पक्षपात गृहीत धरा!

प्रेरणा विजापूरचीच, यात वाद नाही. जॉन बेग हे मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद. आराखडा त्यांचा, १९०२ चा. १९०४ च्या सप्टेंबरात काम सुरू झालं, ३१ मार्च १९१३ ला संपलं. खर्च १८ लाख ९ हजार रुपये. व्हीटी १८८७ ची, तेव्हा गॉथिकची, म्हणजे त्या चर्चसारख्या शैलीची, चलती होती. बेग यांच्या काळापर्यंत सरकारी इमारतींना देशी तोंडवळा द्यायची टूम निघाली. हीच ती इंडो-सारासेनिक शैली.

पण विजापूरला घुमटाखाली आदिलशहाची कबर, इथे मनीऑर्डरची रांग. मधला हॉल थेट घुमटापर्यंत मोकळा सोडलाय, म्हणून केवढीही गर्दी झाली तरी जीव घुसमटत नाही. टेबलावर डिंकाची वाटी असायची, ब्रश कायम गायब. लोक बोटाने डिंक लावायचे आणि बोट टेबलाच्या कडेला पुसायचे. त्या कडेवर डिंकाचा काळपट थर चढलेला. देखणी इमारत, पण आमची टेबलं अशी!

विजापूरचा_जावई:
सासरची बाजू मांडतो. गोल घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. जीपीओचा त्याच्या निम्माही नाही. शिवाय तिथे सज्जात कुजबुजलं तरी समोरच्या भिंतीपाशी ऐकू येतं.

निवृत्त_टपाली:
जावईबापू, आमच्याकडे 'पुढचे कोण?' हे ओरडूनही ऐकू जायचं नाही.

कुर्ला_लोकल:
काका, दगड कुठला? बाहेरून दोन-तीन रंग दिसतात.

निवृत्त_टपाली:
बरोबर दिसलं तुम्हाला. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा, म्हणजे तुमच्याच गावचा, आणि गुजरातेतल्या ध्रांगध्र्याचा पांढरा. पुढच्या वेळी काळा घोड्याच्या म्युझियमपर्यंत चालत जा. बेग यांच्या हाताखाली काम केलेल्या जॉर्ज विटेटने ते बांधलं, पुढे गेटवेही त्याचाच. म्युझियमचा घुमट बघा आणि मग नक्कल कोणी कोणाची केली ते तुम्हीच सांगा.