घरून काम आणि टीमचं काम: गोव्यातले अनुभव

घरून काम केल्याने टीमचं काम सुधारतं की बिघडतं, यावर मतं भरपूर ऐकली. इथे आपल्या गावाच्या नावाखाली फक्त नेमकं लिहा: काय चालतं, काय अडतं, का अडतं.

फोंडा
पावसात कॉल तुटतो तेव्हा बहुतेकदा नेट नव्हे, वीज गेलेली असते. फायबरच्या तारेला घरात वीज लागत नाही. ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) आणि राउटरला लागते. हे दोन डबे वेगळे असतील तर लोक मिनी यूपीएस (वीज गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) राउटरला लावतात आणि ओएनटी विसरतात. घेण्यापूर्वी दोन्ही अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा.

इन्व्हर्टरचा हिशेब असा: १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. तूट वजा जाता आणि बॅटरी पूर्ण न संपवता हजारेक धरा. लॅपटॉप ६०, पंखा ७०, नेटचे डबे २०, म्हणजे १५० वॉट. साडेसहा तास मिळतात. फ्रिज जोडलात की हिशेब कोलमडला.

मडगाव
प्रत्येकाने ऑफिसला जायचे सोयीचे दोन दिवस निवडले की वेर्ण्याच्या ऑफिसात जाऊनही माणसं हेडफोन लावून कॉलवरच बसतात. प्रवास फुकट. पूर्ण टीमचा एक वार ठरवा. नव्या माणसाला शिकवणं, डिझाइनवरचा वाद त्या दिवशी. एकाग्रतेचं काम घरी. आणि एका खोलीत चार लॅपटॉप कॉलवर असतील तर माइक-स्पीकर एकाचाच चालू ठेवा, नाहीतर आवाज घुमतो.

साखळी
संशोधनाचे दाखले देताना गल्लत होते. ट्रिप डॉट कॉमच्या १६१२ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला: आठवड्यातून दोन दिवस घरून काम, कामगिरीत फरक नाही, नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी. हे हायब्रिडबद्दल आहे, म्हणजे काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसात. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२० मधल्या पूर्ण रिमोट कामाचा. त्यात गट आपापल्यातच बंदिस्त होत गेले. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावू नका.

म्हापसा
न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. संध्याकाळी तिथल्या टीमला सुपूर्द केलेलं काम अडलं तर एक अख्खा दिवस जातो. 'लॉगिनचं थोडं बाकी आहे' हा निरोप निरुपयोगी. असा हवा: 'ओटीपी दुसऱ्यांदा मागितला की पान अडकतं. टेस्ट सर्व्हरवर होतं, लॅपटॉपवर नाही. लॉग जोडलाय. टाइमआउट ३० चा ६० सेकंद करू का, एवढंच सांगा.' वाचणाऱ्याला उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे. माझ्या मते टीमचा वेग इथेच ठरतो, ऑनलाइन दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर नाही.

पेडणे
चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज ठेवू नका. अर्धी टीम मूळ घरी असते, तिथे रेंज अंगणातच मिळते. तारखा बाहेरच्या मॅनेजरला जूनमध्येच कळवा.