पहिली वाइड-अँगल झूम लेन्स: मोठे अ‍ॅपर्चर की हलके वजन?

धागाकर्ता

क्रॉप सेन्सरच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स (मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद) हाताशी बसली की अनेकांना अधिक रुंद दृश्याची ओढ लागते. त्यांनी सल्ला विचारला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: थोडे थांबा, पैसे साठवा आणि घ्यायचीच तर एफ/२.८ अ‍ॅपर्चरची लेन्स घ्या (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधून प्रकाश आत घेणारे छिद्र; एफपुढचा आकडा जितका लहान तितके ते मोठे). पहिलीच वाइड लेन्स घेणाऱ्यांपैकी बहुतेकांसाठी हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

१० मिमीवर एफ/८ अ‍ॅपर्चर ठेवून पाऊण मीटरच्या आसपास फोकस केला, तर सुमारे ४० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंतचे सारे स्पष्ट येते. निसर्गदृश्यात पायाजवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही हवे असतात, म्हणून तिथे अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा एफ/११ वरच राहते. ज्या एफ/२.८ साठी जास्तीचे पैसे मोजले, ते अशा वेळी वापरलेच जात नाही. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठीही इतक्या रुंद लेन्सचा फारसा उपयोग नसतो.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरणाऱ्यांसाठी २०१४ साली आलेली कॅनन १०-१८ मिमी आणि २०१७ साली आलेली निकॉन १०-२० मिमी या दोन्ही लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ/४.५-५.६ इतकेच आहे. परंतु त्यांचे वजन अनुक्रमे २४० व २३० ग्रॅम आहे आणि दोन्हींत इमेज स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) आहे. याउलट एकेकाळी सर्रास सुचवली जाणारी टोकिना ११-१६ मिमी एफ/२.८ ही लेन्स साडेपाचशे ग्रॅमच्या घरात जाते, तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि झूमचा पल्लाही अगदी तोकडा आहे. कॅननच्या या लेन्सचे माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी) प्लास्टिकचे आहे म्हणून तिला नावे ठेवली जातात, पण एवढ्या हलक्या लेन्सचा माउंटवर ताण तो कितीसा येणार? वाचलेल्या पैशांतून चांगला ट्रायपॉड घ्यावा. तो पुढच्या प्रत्येक लेन्सला उपयोगी पडेल.

ताराप्रेमी

धागाकर्त्यांचा युक्तिवाद दिवसाच्या प्रकाशापुरता मान्य करता येईल, परंतु रात्रीच्या आकाशासमोर तो टिकत नाही. एफ/२.८ मधून एफ/४.५ च्या तुलनेत सुमारे अडीच पट प्रकाश आत येतो. आकाशगंगेसाठी २० सेकंदांचे एक्स्पोजर एफ/२.८ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० मध्ये भागत असेल, तर एफ/४.५ वर त्यासाठी आयएसओ ८००० च्या आसपास जावे लागते, आणि क्रॉप सेन्सरवर या दोन चित्रांतील दाण्यांचा (नॉइजचा) फरक डोळ्यांना सहज दिसतो. ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी एक्स्पोजर वाढवून ही भरपाई होत नाही, कारण पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांचे ठिपके रेषांसारखे ओढले जातात.

स्टॅबिलायझेशनबद्दलही हेच म्हणावे लागेल. ते आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्या माणसाची हालचाल नाही. मंद उजेडाच्या सभागृहात माणसे वावरत असतील तर १/६० सेकंदाचा शटर हवाच, आणि तो मोठ्या अ‍ॅपर्चरशिवाय मिळणार कसा? शिवाय वजनाचा मुद्दा आता जुना झाला आहे. २०२३ साली मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी आलेली सिग्मा १०-१८ मिमी एफ/२.८ साधारण २६० ग्रॅमची आहे. टोकिनाचे उदाहरण देऊन आजच्या सगळ्या एफ/२.८ लेन्स जड ठरवणे योग्य नाही.

धागाकर्ता

सिग्माचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे; मिररलेस कॅमेरा असेल आणि ती लेन्स ऐपतीत बसत असेल, तर माझा वजनाचा आक्षेप उरत नाही. परंतु या धाग्याचा विषय कमी खर्चातील पहिली लेन्स हा आहे आणि ज्यांना तारे टिपायचेच नाहीत, त्यांना ताऱ्यांच्या आधारे सल्ला देऊ नये. सिग्माच्या त्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे ज्यांच्या कॅमेऱ्यातही ते नाही त्यांना रिकाम्या, अंधाऱ्या दालनात हातात कॅमेरा धरून १/४ सेकंदाचे चित्र घेण्याचा भरवसा उरत नाही. तिथे माणसे नसतात, त्यामुळे संथ शटरने काही बिघडत नाही आणि ट्रायपॉडला अनेकदा मनाई असते.

वास्तुचित्रक

दोघेही अ‍ॅपर्चरवर वाद घालत आहेत, परंतु माझ्या मते वाइड लेन्स निवडताना पहिला प्रश्न ती किती रुंद आहे हाच असला पाहिजे. १.५ पटीच्या क्रॉप सेन्सरवर १८ मिमीचा कर्णकोन (चौकटीच्या कर्णावर मोजलेला दृश्यकोन) सुमारे ७६ अंश येतो, १२ मिमीचा १०० आणि १० मिमीचा सुमारे ११०. कागदावर २ मिमीचा फरक क्षुल्लक दिसतो, पण छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकल्यावर कपाटाची कड चौकटीत येणार की नाही हे त्यावरच ठरते. टेलीफोटोच्या टोकाला २०० ऐवजी २०२ मिमी मिळाले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. रुंद टोकाला मात्र एकेका मिलिमीटरला किंमत आहे. निकॉनची मिररलेस क्रॉपसाठीची १२-२८ मिमी लेन्स व्हिडिओसाठी मला आवडते, तरीही खोल्यांच्या कामासाठी मी ती सुचवणार नाही.

कॅमेरा वर उचलला की इमारतीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. त्या संगणकावर सरळ केल्या की चित्राच्या कडा कापाव्या लागतात, म्हणजे रुंदी पुन्हा घटते. म्हणून हातात थोडी जास्त रुंदी असलेली बरी. आणखी एक गोष्ट इथे कोणीच काढलेली नाही. अलीकडच्या हलक्या मिररलेस लेन्समध्ये कडांची वक्रता काचेऐवजी सॉफ्टवेअरने सरळ केली जाते आणि त्यात कोपरे ताणले जातात. भिंतींची चित्रे काढणाऱ्याने लेन्स घेण्यापूर्वी दुरुस्ती केलेले कोपरे पूर्ण आकारात उघडून पाहावेत.

किटनिष्ठ

मला तर मुळात खरेदीच अनावश्यक वाटते. १८ मिमीवर कॅमेरा उभा धरून चार-पाच चित्रे घ्यावीत आणि ती जोडावीत. डोंगररांगेसाठी त्याहून अधिक काय हवे? चित्राचा आकारही मोठा मिळतो.

वास्तुचित्रक

डोंगर दूर असतो म्हणून ते जमते. जवळच्या खुर्चीमागे खिडकी असेल, तर कॅमेरा वळवताना दोन्हींचे परस्परांतील स्थान बदलते आणि जोड चुकतो. हलती गर्दी किंवा किनाऱ्यावरच्या लाटा असतील तर एकाच माणसाचे दोन अर्धे तुकडे येऊ शकतात. शिवाय वाइड लेन्सचा उपयोग ‘जास्त मावते’ एवढाच मानला तर तिचे मोठे सामर्थ्य बाजूलाच राहते. तिच्यामुळे विषयाच्या अगदी जवळ जाता येते, जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसते आणि चित्राला खोली येते. त्यासाठी पुढे सरकून रचना करावी लागते, आणि तसे पुढे-मागे होताना झूमचा पल्ला उपयोगी पडतो.

जुन्या काचांचा चाहता

कमी खर्च हीच अट असेल, तर वापरलेल्या लेन्सचा विचार न करता ही चर्चा पुरी होत नाही. कॅननची १०-२२ मिमी २००४ पासूनची आहे, तरीही मला तिची चित्रे आजच्या कामाला पुरेशी वाटतात, आणि अ‍ॅडॉप्टर लावून ती मिररलेसवरही चालते.

मात्र जुन्या कॅमेऱ्यांच्या मालकांनी जुळणी आधी तपासावी. धागाकर्त्यांनी सुचवलेली निकॉन १०-२० मिमी ही एएफ-पी प्रकारची लेन्स निकॉनच्या डी९० किंवा डी७००० या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस करत नाही आणि तिची फोकस रिंग विद्युतचलित असल्याने हातानेही फोकस होत नाही. उलट टोकिना ११-१६ च्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नव्हती, त्यामुळे डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ती हातानेच फोकस करावी लागते.

धागाकर्ता

जुळणीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. डी९० किंवा डी७००० असणाऱ्यांनी माझी निकॉनची शिफारस बाजूला ठेवावी. हलकी, स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स आधी घ्यावी हे माझे मत मात्र कायम आहे. वापरलेली लेन्स घेताना भिंग एका बाजूला कललेले नाही ना, हे कसे ओळखावे?

जुन्या काचांचा चाहता

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, दूरच्या इमारतींच्या रांगेवर फोकस करावा आणि रांग चौकटीच्या तळाशी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत येईल असे चित्र घ्यावे. मग फोकस न हलवता कॅमेरा उलटा धरून तसेच दुसरे चित्र घ्यावे, म्हणजे उरलेले दोन कोपरेही तपासले जातात. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव समजावा. एकच कोपरा इतरांहून स्पष्टपणे धूसर असेल तर ती लेन्स परत करावी.