'द हँडमेड्स टेल'मधील आँट आणि आपल्याकडील रूढी

वाचनयात्री (प्रश्न)
मार्गारेट ॲटवुड यांची १९८५ सालची 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी नुकतीच वाचली. तिच्यातील गिलिअड या राज्यात स्त्रियांना वाचायला बंदी असते, इतकी की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे जाऊन तिथे अंडी, मधमाशी, गाय अशी चित्रे आलेली असतात. मला मात्र बंदुकांपेक्षा 'आँट' म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी अधिक अस्वस्थ केले. इतर बायकांना नव्या नियमांत बसवण्याचे काम त्याच करतात आणि पुढच्या पिढीला हे सोपे जाईल असे सांगतात, कारण त्या पिढीला वेगळे काही आठवतच नसणार. प्रत्यक्ष समाजातही स्त्री-पुरुषांच्या भूमिका अशाच घडतात का?

तांबडी माती
घडतात. नायिकेचे 'ऑफ्रेड' हे नाव म्हणजे 'फ्रेडची', म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या घरी तिला ठेवलेले असते त्याची, आणि तिचे मूळ नाव कादंबरीत शेवटपर्यंत उघडपणे सांगितलेले नाही. ते वाचताना मला माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न आठवले. बारशाला आत्याने कानात सांगितलेले तिचे नाव सासरी लक्ष्मीपूजनाच्या वेळी बदलले, आणि नवे नाव भावजींनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले. एक अक्षर नीट उमटले नाही, म्हणून सासूबाईंनी ते बोटाने सारखे केले. सक्ती कोणाचीच नव्हती. नावे सुचवणाऱ्यांत मीही हौसेने सामील झाले होते.

दक्षिणकाठ
साम्य मान्य आहे, परंतु कायद्याची सक्ती आणि रूढी यांत फरक करायला हवा. रोमानियात चाउशेस्कू यांच्या सरकारने १९६६ साली ७७० क्रमांकाचा आदेश काढून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली आणि त्यामुळे कराव्या लागलेल्या बेकायदा गर्भपातांत हजारो स्त्रिया दगावल्या. तरी डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळताच तो आदेश रद्द झाला. रूढीमागे अशी कोसळणारी राजवट नसते. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा कोणत्याही कायद्याने लादलेल्या नव्हत्या, तरीही त्या थांबवण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाला मे २०२२ मध्ये ठराव करावा लागला. त्या बांगड्या फोडणारे हात बहुतेकदा नात्यातल्या किंवा शेजारच्या बायकांचेच असतात, आणि त्यांतील कित्येकींवर तीच वेळ आधी येऊन गेलेली असते. म्हणून आँट ही पात्रे मला त्या कादंबरीतील सर्वांत खरी वाटतात.

ओसरी
यात पुरुषांची घडण विसरू नये. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आत आईच्या बांगड्या उतरवल्या जात होत्या आणि मला बाहेर पुरुषांत बसवून, "आता तू घरातला कर्ता, रडायचे नाही," असे बजावले गेले. बायको गेल्यावर पुरुषाला यातले काहीच का सोसावे लागत नाही, हा ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना'मध्ये रोखठोकपणे मांडलेला प्रश्न मी पुढे कॉलेजात वाचला. आत काय चालले आहे, हे त्या दिवशी मी विचारलेही नव्हते.

वाचनयात्री
तांबडी माती, आपण बहिणीला आज कोणत्या नावाने हाक मारता?

तांबडी माती
माहेरी जुन्याच. तिच्या सासरी पाऊल टाकले की मात्र माझ्या तोंडून आपोआप नवे नाव येते.